इंग्रजी शिकवताना वादाचे ठरणारे व्याकरणाचे मुद्दे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणारे शिक्षक आणि ती शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वहीत लाल रेघ ओढण्याआधी त्या वाक्यात खरोखरच चूक आहे का, हे तपासण्याची सवय शिक्षकाने लावून घ्यावी, या एका आग्रहातून ही उत्तरे लिहिली आहेत. बरोबर वाक्य खोडले गेले की विद्यार्थी ते वाक्य सोडतो आणि त्यासोबत स्वतःच्या कानावरचा विश्वासही गमावतो.

१. एकाच वाक्याला एक पुस्तक बरोबर म्हणते आणि दुसरे चूक ठरवते, असे का होते?

इंग्रजीत अंतिम निवाडा देणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही. फ्रेंच भाषेसाठी १६३५ मध्ये अकादमी स्थापन झाली. इंग्रजीसाठीही तशी संस्था असावी, अशी सूचना जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये केली होती, परंतु ती प्रत्यक्षात उतरली नाही. त्यामुळे इंग्रजीचे नियम दोन वाटांनी आपल्यापर्यंत आले आहेत. काही नियम व्याकरणकारांनी, विशेषतः अठराव्या शतकात, स्वतःच्या अभिरुचीनुसार किंवा लॅटिनच्या आदर्शावरून सांगितले आणि शालेय पुस्तकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतले. इतर नियम लोकांच्या प्रत्यक्ष बोलण्यालिहिण्याच्या निरीक्षणातून निघाले. आज या कामासाठी मोठे भाषासंग्रह उपलब्ध आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या संग्रहात सुमारे १० कोटी शब्दांचा मजकूर आहे.

'शी गो टू स्कूल' हे वाक्य दोन्ही वाटांनी चूकच ठरते आणि त्याबद्दल कोणाचाही वाद नाही. वाद होतो तो शिकलेसवरलेले मूळ भाषक ज्या रचना रोज वापरतात, पण जुनी पुस्तके ज्यांना नाकारतात, त्यांच्याबद्दल. पुढील बहुतेक प्रश्न याच पट्ट्यातील आहेत.

२. इंग्रजीत भविष्यकाळ नाही, असे काही व्याकरणकार म्हणतात. मग इतकी वर्षे आपण काय शिकवत आलो?

येथे 'काळ' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, हे आधी ध्यानात घ्यावे. घटना कधी घडते ती वेळ हा एक अर्थ, आणि क्रियापदाचे बदललेले रूप हा दुसरा. मराठीत 'जाईन, जाशील, जाईल' अशी भविष्याची स्वतंत्र रूपे आहेत. इंग्रजीत 'वॉक' पासून 'वॉक्ड' हे रूप होते, पण भविष्य दाखवण्यासाठी क्रियापदाला कोणताही प्रत्यय लागत नाही. त्यासाठी 'विल' हे सहायक क्रियापद पुढे येते आणि ते 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांच्याच कुटुंबातले आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्‌व्याकरण आणि हडल्स्टन व पुलम यांचे २००२ चे व्याकरण, ही दोन्ही या अर्थाने इंग्रजीत भविष्यकाळ मानत नाहीत.

हा वाद केवळ नावाचा असता, तर तो वर्गाबाहेर ठेवता आला असता. परंतु 'विल म्हणजे भविष्य' हे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात पक्के झाले की दोन अडचणी उभ्या राहतात. दाराची घंटा वाजल्यावर कोणी 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणते, तेव्हा ते आत्ताच्या क्षणाबद्दलचे अनुमान असते, आणि विद्यार्थी मात्र पोस्टमन उद्या येणार असे समजतो. उलट 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स' किंवा 'आय ॲम मीटिंग हर टुमारो' या वाक्यांत 'विल' नसल्यामुळे ती त्याला भविष्याची वाटतच नाहीत. रूप आणि वेळ यांची ही फारकत मराठी माणसाला समजावणे खरे तर सोपे आहे. आतून हाक आली की आपण 'आलोच' म्हणतो. रूप भूतकाळाचे असते आणि आपण अजून जागचे उठलेलेही नसतो. 'मी उद्या जातो' यातही वर्तमानकाळाचे रूप भविष्याचे काम करते. एवढे दाखवले की वर्गाला मुद्दा कळतो.

प्राथमिक पातळीवर 'फ्यूचर टेन्स' हे नाव सोयीसाठी वापरण्यास हरकत नाही. 'विल' आणि 'गोइंग टू' यांतील फरक शिकवताना, ऐनवेळी घेतलेला निर्णय आणि आधी ठरलेला बेत हा भेद उपयोगी पडतो. मात्र पुष्कळ वाक्यांत दोन्ही रचना चालतात. संदर्भ न देता रिकाम्या जागेसाठी एकच उत्तर मागणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

३. 'आय' आणि 'वुई' बरोबर 'शॅल' च वापरावे का?

नाही. हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणातून रूढ झाला आणि प्रत्यक्ष वापरात तो कधीच सर्वत्र पाळला गेला नाही. आज 'शॅल आय ओपन द विंडो?' आणि 'शॅल वुई गो?' अशा विचारणांत 'शॅल' जिवंत आहे, आणि करार व कायद्याच्या मजकुरात ते बंधन दाखवण्यासाठी येते. एवढे शिकवले तरी पुरते.

४. होकारार्थी वाक्यात 'सम' आणि नकारार्थी व प्रश्नार्थक वाक्यात 'एनी', हा नियम पुरेसा आहे का?

सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी पुरेसा आहे; त्यानंतर तोच नियम चुका घडवू लागतो. 'वुड यू लाइक सम वॉटर?' हा प्रश्न असूनही त्यात 'सम' येते, कारण विचारणाऱ्याला होकार अपेक्षित आहे. 'एनी चाइल्ड कॅन डू दॅट' हे होकारार्थी वाक्य असूनही त्यात 'एनी' येते, कारण अर्थ 'कोणतेही मूल' असा आहे. खरा भेद वाक्याच्या प्रकारात नसून बोलणाऱ्याच्या भूमिकेत आहे. काहीतरी आहे असे गृहीत धरून बोलताना 'सम' येते, आणि असणे किंवा कोणते असणे हे मोकळे ठेवायचे असेल तर 'एनी' येते. 'इफ यू नीड सम हेल्प' आणि 'इफ यू नीड एनी हेल्प' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात मदत लागेल असा अंदाज डोकावतो, दुसऱ्यात तसा अंदाज नाही.

५. 'डिड यू ईट येट?' हे चूक आणि 'हॅव यू ईटन येट?' हेच बरोबर, असे सांगावे का?

असे सांगू नये. 'जस्ट', 'ऑलरेडी' आणि 'येट' या शब्दांबरोबर अमेरिकी इंग्रजीत पास्ट सिंपल सर्रास वापरतात. ब्रिटिश इंग्रजीत प्रेझेंट परफेक्टकडे कल अधिक असतो. दोन्ही प्रमाण आहेत. विद्यार्थ्याने एका लेखनात शक्यतो एकच वळण ठेवावे, एवढी अपेक्षा योग्य आहे.

याच प्रकरणात मराठी भाषक विद्यार्थी ज्या खऱ्या चुका करतात, त्या मात्र दोन्ही प्रमाण बोलींत चुकाच आहेत, आणि शिक्षकाने आपली शक्ती तेथे खर्च करावी. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत खपून जाते, म्हणून विद्यार्थी 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' असे लिहितो. इंग्रजीत संपलेल्या वेळेचा स्पष्ट उल्लेख आला की प्रेझेंट परफेक्ट चालत नाही. तेथे 'आय सॉ हिम यस्टर्डे' असेच म्हणावे लागते. दुसरी चूक आपल्या 'पासून' मुळे होते. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून' ही म्हणतो. इंग्रजीत मात्र आरंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' अशी दोन कामे दोघांत वाटलेली आहेत. त्यातच 'राहतो' हे वर्तमानकाळी रूप जसेच्या तसे उतरते आणि 'आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स' असे वाक्य तयार होते. त्याचे 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स' करताना एकाच वेळी दोन गोष्टी बदलाव्या लागतात. त्या दोन वेगवेगळ्या तासांना शिकवाव्यात, असा माझा अनुभव आहे.

६. 'लव्ह', 'वाँट', 'थिंक' यांसारख्या क्रियापदांना 'आयएनजी' कधीच लावू नये का?

'कधीच' हा शब्द येथे काढून टाकावा. ही क्रियापदे स्थिती दाखवतात, म्हणून ती सहसा कन्टिन्युअस रूपात येत नाहीत, हे खरे आहे. पण एकाच क्रियापदाचा एक अर्थ स्थितीचा आणि दुसरा कृतीचा असू शकतो. 'आय थिंक यू आर राइट' यात मत आहे. 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' यात विचाराची क्रिया चालू आहे. 'शी इज रूड' हा स्वभाव झाला, तर 'शी इज बीइंग रूड' हे त्या क्षणाचे वागणे. 'आय ॲम लव्हिंग धिस कोर्स' या अनौपचारिक वाक्यात बोलणारा चालू अनुभवावर जोर देतो, आणि तेही आज मूळ भाषकांच्या तोंडी सहज येते.

दुसरीकडे 'आय ॲम नोइंग द आन्सर' आणि मालकीच्या अर्थाने 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' ही वाक्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण इंग्रजीत चूकच धरली जातात, आणि तसे स्पष्ट सांगावे. 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर आहे, कारण तेथे 'हॅव' म्हणजे असणे नव्हे, जेवणे आहे. विद्यार्थ्याला क्रियापदांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा 'येथे स्थिती आहे की कृती?' हा प्रश्न विचारायला शिकवावे.

७. कंडिशनल वाक्ये चारच प्रकारची असतात का?

झिरो, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड (अनुक्रमे नेहमी खरे असणारे, घडू शकणारे, केवळ कल्पिलेले आणि भूतकाळात न घडलेले) ही नावे अभ्यासक्रम पायऱ्यापायऱ्यांनी मांडण्यासाठी उपयोगी आहेत. भाषेत मात्र इतक्याच जोड्या आहेत असे नाही. 'इफ ही सेड दॅट, ही वॉज राँग' हे अगदी साधे वाक्य चारपैकी कोणत्याही चौकटीत बसत नाही, कारण त्यात भूतकाळातली खरी शक्यता आहे. 'इफ यू आर टायर्ड, गो होम' यातील दुसरा भाग आज्ञार्थी आहे. 'इफ आय हॅड स्टडिड मेडिसिन, आय वुड बी अ डॉक्टर नाऊ' यात थर्डचा पूर्वार्ध आणि सेकंडचा उत्तरार्ध आहे.

प्रकार मोजण्यापेक्षा एक सीमा शिकवणे मला महत्त्वाचे वाटते. एका बाजूला घडू शकेल असे मानून बोललेले आणि दुसऱ्या बाजूला वास्तवापासून दूर, केवळ कल्पिलेले. कल्पिलेल्या वाक्यात इंग्रजीत भूतकाळाचे रूप हे दूरत्व दाखवते; त्याचा गेलेल्या वेळेशी संबंध नसतो. म्हणूनच 'इफ आय हॅड टाइम' यात बोलणारा आत्ताच्या वेळेबद्दल बोलत असतो.

येथे मराठी भाषक विद्यार्थी एका विशिष्ट ठिकाणी हमखास अडखळतो. 'पाऊस आला तर खेळ थांबेल' या वाक्यात 'आला' हे रूप भूतकाळाचे आहे, परंतु शक्यता पूर्णपणे मोकळी आहे. तेच रूप इंग्रजीत उतरले की 'इफ इट रेन्ड, द गेम विल स्टॉप' असे वाक्य तयार होते. मराठीत मोकळ्या शक्यतेला भूतकाळाचे रूप चालते. इंग्रजीत मोकळ्या शक्यतेला वर्तमानकाळाचे रूप लागते आणि भूतकाळाचे रूप आले की शक्यता दूरची होते. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवल्यावर जो बदल होतो, तो पानभर व्याख्यांनी होत नाही.

८. 'इफ' नंतर 'विल' आले की ते वाक्य चूकच का?

बहुतेक वेळा चूक, पण नेहमी नाही. 'इफ इट विल रेन' असे म्हणत नाहीत. मात्र 'विल' चा अर्थ तयारी किंवा विनंती असा असेल, तर ते 'इफ' नंतर येऊ शकते: 'इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल हर.' त्याचप्रमाणे अटीतली गोष्ट मुख्य वाक्यातील कृतीचा परिणाम म्हणून घडणार असेल, तरही ते चालते: 'इफ इट विल हेल्प यू, आय विल स्टे.' थांबण्यामुळे मदत होणार आहे, मदत आधी होणार नाही. हा अपवाद प्रगत विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा.

९. 'इफ आय वॉज' लिहिले तर गुण कापावेत का?

माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. शिकवायला लागलो तेव्हा एका मुलीच्या निबंधातील 'इफ आय वॉज इनव्हिजिबल' या वाक्यातला 'वॉज' मी लाल शाईने खोडून वर 'वेअर' लिहिले आणि समासात काहीही स्पष्टीकरण दिले नाही. पुढच्या निबंधाची तिची पहिलीच ओळ होती, 'व्हेन आय वेअर स्मॉल'. तिने माझी दुरुस्ती प्रामाणिकपणे पाळली होती. 'आय' पुढे 'वॉज' येत नाही, असा त्या खाडाखोडीचा अर्थ तिने लावला होता. वादाची बाब मी चूक म्हणून दाखवली आणि तिच्या हातून खरी चूक घडवली.

वस्तुस्थिती अशी, की कल्पित स्थितीसाठी 'वेअर' हे रूप औपचारिक लेखनात अधिक पसंत केले जाते, आणि 'वॉज' हेही सुशिक्षित भाषकांच्या बोलण्यालिहिण्यात दीर्घकाळ रुळलेले आहे. 'इफ आय वेअर यू' हा सल्ला देण्याचा ठरीव वाक्प्रयोग असल्यामुळे तेथे 'वेअर' च शिकवावे. 'वेअर आय टू रिफ्यूज' अशा उलट्या क्रमाच्या औपचारिक रचनेत तर 'वॉज' चालतच नाही. उलट, 'इफ ही वॉज ॲट द मीटिंग, आय डिडन्ट सी हिम' येथे भूतकाळातली खरी शक्यता आहे, म्हणून 'वॉज' च हवे. कल्पित आणि वास्तव यांतील सीमेसाठी प्रश्न ७ पाहावा.

१०. इनडायरेक्ट स्पीच करताना काळ मागे नेलाच पाहिजे का?

सांगितलेली गोष्ट अजूनही खरी असेल आणि सांगणाऱ्याला ती खरी वाटत असेल, तर काळ तसाच ठेवता येतो. 'शी सेड शी लिव्ह्ज निअर द स्टेशन' हे शुद्ध आहे आणि 'शी सेड शी लिव्ह्ड निअर द स्टेशन' हेही शुद्ध आहे. सांगणाऱ्याला ती गोष्ट मान्य नसेल, तर मात्र काळ मागे नेणे गरजेचे ठरते. 'ही सेड द अर्थ वॉज फ्लॅट' असे म्हटल्याने ते मत त्याचे आहे, माझे नाही, हे सूचित होते. काळ मागे नेणे हा यांत्रिक फेरफार नसून, सांगणारा त्या विधानापासून किती अंतर राखतो, हे दाखवण्याचे साधन आहे.

मराठीत असा फेरफार होतच नाही. 'तो म्हणाला, की मला ताप आहे' यात 'मला' ही बदलत नाही आणि 'आहे' ही बदलत नाही. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना सर्वनाम आणि काळ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नव्याने शिकाव्या लागतात, आणि पहिली अधिक महत्त्वाची आहे. काळ मागे नेला नाही, तर अर्थ बहुधा कळतो. 'ही सेड दॅट आय हॅव फीवर' लिहिले, तर तापलेला माणूसच बदलतो. पास्ट सिंपलचे प्रत्येक वेळी 'हॅड' असलेले रूप करण्याचा आग्रहही सोडावा, कारण घटनांचा क्रम संदर्भावरून स्पष्ट असेल, तर मूळ रूपच स्वाभाविक वाटते.

११. वाक्याच्या शेवटी 'इन', 'फॉर', 'विथ' असे शब्द आले तर ते अशुद्ध ठरते का?

ठरत नाही. हा आक्षेप कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला होता. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात ही रचना बोलण्यात आणि साध्या शैलीत रूढ असल्याचे मान्य करून, गंभीर लेखनासाठी दुसरी रचना अधिक शोभते, एवढेच म्हटले होते. शैलीबद्दलच्या त्या मताचा नंतरच्या पुस्तकांनी नियम करून टाकला. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' याचे 'फॉर व्हॉट आर यू लुकिंग?' केले, तर असे वाक्य प्रत्यक्षात कोणी बोलत नाही. औपचारिक लेखनात 'द हाउस इन व्हिच शी लिव्ह्ड' ही रचना शोभते, म्हणून दोन्ही शिकवाव्यात आणि कोणती कोठे वापरायची, तेही सांगावे.

१२. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालणे चूक आहे का?

व्याकरणाच्या दृष्टीने चूक नाही. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये या रचनेवर टीका केली आणि त्यानंतर ती शाळांतून निषिद्ध मानली जाऊ लागली. लॅटिनमध्ये 'अमारे' हे 'प्रेम करणे' या अर्थाचे एकच पद असल्यामुळे ते तोडता येत नाही, म्हणून इंग्रजीतही तोडू नये, असे कारण या नियमासाठी दिले जाते. पण इंग्रजीत 'टू' हा वेगळाच शब्द आहे.

मधे शब्द घालणे टाळल्यामुळे कधी कधी अर्थ बिघडतो. 'शी डिसायडेड क्विकली टू लीव्ह' यात निर्णय लगेच झाला की निघणे लगबगीने झाले, हे कळत नाही. 'टू क्विकली लीव्ह' म्हटले की संशय उरत नाही. 'वुई एक्स्पेक्ट टू मोअर दॅन डबल अवर सेल्स' यात तर 'मोअर दॅन' दुसरीकडे हलवताच येत नाही. त्याच वेळी, जेथे शब्द शेवटी नेल्याने वाक्य सहज वाचले जाते, तेथे तो शेवटी न्यावा. 'टू स्पीक क्लिअरली' हे 'टू क्लिअरली स्पीक' पेक्षा बहुतेक संदर्भांत चांगले वाटते.

१३. 'हूम' शिकवावे की नाही?

वाचताना ओळखता यावे इतपत नक्की शिकवावे. शब्दयोगी अव्ययाच्या लगेच नंतर आले, तर 'हूम' लागते: 'टू हूम', 'विथ हूम', 'मेनी ऑफ हूम'. बाकी ठिकाणी, विशेषतः बोलताना, 'हू डिड यू मीट?' हेच स्वाभाविक आहे आणि ते खोडू नये. 'हूम' च्या अतिरेकातून उलट चूक होते, ती खरी चूक आहे: 'द मॅन हूम आय थिंक इज हर ब्रदर' यात 'इज' चा कर्ता हवा, म्हणून 'हू' पाहिजे.

१४. 'इट इज मी' की 'इट इज आय'? आणि 'बिटवीन यू अँड आय' का चूक?

'इट इज मी' हे आजचे स्वाभाविक रूप आहे. 'इट इज आय' अतिशय औपचारिक आणि बहुतेकांच्या कानाला अवघडलेले वाटते. 'शी इज टॉलर दॅन मी' हेही शिकवण्याजोगे आहे. 'दॅन आय ॲम' असे पूर्ण केले, तर कोणाचाच आक्षेप राहत नाही.

'बिटवीन यू अँड आय' ची गोष्ट वेगळी आहे. 'मी अँड माय फ्रेंड वेंट' म्हटल्याबद्दल मुलांना इतके रागावले जाते, की 'अँड' दिसले की ती 'आय' लावतात. येथे एक सोपी कसोटी देता येते: सोबतचे माणूस काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहावे. 'शी गेव्ह इट टू आय' असे कोणी म्हणत नाही, म्हणून 'शी गेव्ह इट टू हिम अँड मी'. 'बिटवीन यू अँड आय' ही रचना मूळ भाषकांच्या बोलण्यातही आढळते, पण लेखी प्रमाण इंग्रजीत ती टाळणेच योग्य.

१५. एका व्यक्तीसाठी 'दे' वापरणे शुद्ध आहे का?

होय. 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला' या प्रकारचा वापर चौदाव्या शतकापासून लेखनात आढळतो. व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल, तर 'ही' च वापरावे, हा आग्रह अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी धरला, आणि ब्रिटिश संसदेने १८५० च्या एका कायद्याने, कायद्यांतील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा, असे ठरवले. तरीही बोलण्यातला एकवचनी 'दे' थांबला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांनी २०१९ च्या सातव्या आवृत्तीत त्याला स्पष्ट मान्यता दिली आहे. एखादी विशिष्ट व्यक्ती स्वतःसाठी 'दे' हे सर्वनाम वापरत असेल, तर तिच्याबद्दल बोलताना तेच वापरावे.

'अनेकवचनी सर्वनाम एका माणसाला कसे लागेल?' हा प्रश्न इंग्रजीच्या वर्गात मोठ्या गांभीर्याने येतो, आणि तो विचारणारा विद्यार्थी घरी 'आजोबा आले' असे रोज म्हणत असतो. आजोबा एकच असतात आणि क्रियापद अनेकवचनी असते. इंग्रजीतील 'यू' हे सर्वनामही मुळात अनेकवचनी होते. एकवचनी 'दाऊ' मागे पडले आणि 'यू' एकासाठी रूढ झाले, पण क्रियापद 'आर' च राहिले. 'दे' बरोबरही एका व्यक्तीसाठी 'आर' च येते, 'इज' येत नाही. विद्यार्थी चुकतात ते येथे. ज्या परीक्षेत जुना दृष्टिकोन असण्याची शंका आहे, तेथे कर्ता अनेकवचनी करून टाकावा: 'स्टूडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स.'

१६. 'लेस' आणि 'फ्यूअर' यांतील भेद किती कडक आहे?

मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यासाठी 'लेस', ही पसंती रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये स्वतःचे मत म्हणून नोंदवली होती. त्याआधी, अगदी नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या लेखनातही, मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' चे जुने रूप सापडते. आज औपचारिक लेखनात 'फ्यूअर स्टूडंट्स' असे लिहिणे हिताचे आहे. मात्र अंतर, पैसे आणि कालावधी यांची संख्या एक सलग प्रमाण म्हणून घेतली जाते, म्हणून 'लेस दॅन टेन माइल्स' हेच बरोबर; तेथे 'फ्यूअर' लावणे ही नियमाच्या भीतीने केलेली चूक होय.

१७. 'द टीम इज' की 'द टीम आर'?

अमेरिकी इंग्रजीत एकवचन जवळजवळ नेहमीच. ब्रिटिश इंग्रजीत गट एक म्हणून पाहिला तर 'इज', आणि गटातील माणसे डोळ्यांसमोर असतील तर 'आर'. 'पोलीस' मात्र दोन्हीकडे अनेकवचनी आहे: 'द पोलीस आर'. 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही एकवचनी आहे.

१८. वाक्याची सुरुवात 'अँड', 'बट' किंवा 'बिकॉज' ने करावी का?

'अँड' आणि 'बट' ने करण्यास व्याकरणाची कोणतीही आडकाठी नाही. फक्त दर दुसरे वाक्य तसे सुरू होऊ नये. 'बिकॉज' बद्दलची सूचना मुले अर्धवट वाक्य लिहून थांबतात म्हणून निघाली. 'बिकॉज इट वॉज रेनिंग.' एवढेच लिहिणे अपुरे आहे. 'बिकॉज इट वॉज रेनिंग, वुई स्टेड इन' हे पूर्ण आणि निर्दोष वाक्य आहे.

१९. संगणकावरील व्याकरण तपासणी पॅसिव्ह वाक्याखाली रेघ ओढते. पॅसिव्ह चूक आहे का?

ती रेघ शैलीबद्दलची सूचना असते, अशुद्धतेचा निर्णय नसतो. 'द सोल्यूशन वॉज हीटेड टू ८० डिग्रीज' यात गरम करणारा कोण, याला महत्त्व नाही, म्हणून पॅसिव्हच योग्य आहे. 'मिस्टेक्स वेअर मेड' असे लिहून जबाबदारी लपवली जात असेल, तर आक्षेप अर्थावर घ्यावा. विद्यार्थ्यांना हेही सांगावे, की ही साधने या पानावर चर्चिलेल्या वादांत बहुधा जुन्या पुस्तकांची बाजू घेतात, आणि 'आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स' यांसारखी खरी चूक कधी कधी त्यांच्या नजरेतून सुटते.

२०. परीक्षक जुनाच नियम धरून बसला असेल, तर विद्यार्थ्याला काय सांगावे?

खरे ते सांगावे. 'हे वाक्य शुद्ध आहे, परंतु या परीक्षेत ते धोक्याचे आहे' असे म्हटले, तर विद्यार्थ्याला दोन्ही गोष्टी समजतात आणि तो गोंधळत नाही. या पानावरील जवळजवळ प्रत्येक वादासाठी कोणाचाच आक्षेप येणार नाही अशी एक रचना उपलब्ध आहे: 'इफ आय वेअर', 'फ्यूअर', 'दॅन आय ॲम', अनेकवचनी कर्ता. परीक्षेपुरती ती वापरण्यात भाषेशी काही तडजोड होत नाही.

वही तपासताना मी आता दोन रंग वापरतो. 'शी गो' साठी लाल, आणि 'इफ आय वॉज' साठी पेन्सिल. पेन्सिलीची खूण म्हणजे चूक नव्हे, गुणही कापले जात नाहीत. समासात प्रश्नाचा क्रमांक असतो आणि त्यावर पुढच्या तासाला बोलणे होते. खूण पाहून एखादा विद्यार्थी 'पण मूळ भाषक असेच बोलतात' असे म्हणाला, तर त्याला तसे उदाहरण शोधून आणायला सांगावे, आणि त्याने ते आणले, तर पेन्सिलीची खूण त्याच्यासमोरच पुसावी.